ओळख न दाखवणारी बाई

पालो सेको जिल्ह्यात डेल्फिना आरेदोंदोबद्दल चांगलं बोलणारं माणूस हवं असेल तर आधी दफनभूमीत जाऊन शोधावं लागेल, आणि तिथेही तिची आई सोडून कुणी पुढे येईल असं वाटत नाही. पोरांच्या प्रोबेशन ऑफिसची ती डेप्युटी, म्हणजे चीफच्या खालची खुर्ची. कोर्टाने ज्या पोरांना 'घरी राहा, पण आमच्या नजरेखाली राहा' असं सांगून सोडलेलं असतं, त्यांच्यावर नजर ठेवणारे अधिकारी असतात. त्या अधिकाऱ्यांवर नजर ठेवायची ती हिने. ऑफिसच्या मागे पोरांची कोठडी आहे, तिचाही अर्धा कारभार हिच्याच गळ्यात. असल्या बाईचे लाड कोण करणार? ती पोरांना आत टाकते म्हणून आया शिव्या घालतात, बाहेर सोडते म्हणून शेरीफची माणसं शिव्या घालतात, आणि हाताखालचे अधिकारी दोन्हीसाठी घालतात.

पण गावाचा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा. ही बाई ओळख दाखवत नाही.

शनिवारी सकाळी किराणा दुकानात बघा. कडेवर पोर घेतलेला एखादा दांडगा गडी टॉर्टियांच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, रांगेतून हसत तिच्याकडे येतो. "मिस! ओळखलंत ना? मी चुय! तुम्ही मला..."

"नाही," डेल्फिना म्हणते आणि ट्रॉली वळवते. गड्याचं हसू तिथल्या तिथे वाळतं. मग तो घरी जाऊन बायकोला सांगतो की म्हातारी शेफारलीय, खुर्चीची हवा डोक्यात गेलीय.

एखाद्या मुलीची आई चर्चच्या पायरीवर तिला कोपऱ्यात घेते. "डेल्फिना, आमच्या ग्लोरियाने तो वेलाचा मुलगा पसंत केलाय. तुझ्याकडे होता का गं तो कधी? खरं सांग, माझी शपथ."

"कोण वेला? मी नाही बाई ऐकलं."

"काय उपयोग तुझा!" आई फणकारते आणि पुढचे कित्येक रविवार तिच्या बाकावर बसत नाही.

यामागे कायदा आहे. पोर मोठं झालं, सरळ राहिलं, की कोर्ट त्याची नोंद सील करतं. सील झाली की ती नोंद नव्हतीच. कुणी विचारलं तर ऑफिसने 'काही नाही' म्हणायचं. त्या पोरालाही 'माझ्यावर कधी काही नव्हतं' असं छातीठोक सांगता येतं, आणि ते खोटं धरलं जात नाही. कायदा सगळ्यांनाच पाठ आहे. पण कोठडीचा प्रमुख बक टिलरी तो कसा पाळतो, तर मांसाच्या शेगडीपाशी बियरचा डबा हातात घेऊन म्हणतो, "सांगता यायचं नाही मला, पण तुझी पोरगी त्या घरात देऊ नकोस," आणि डोळा मारून खदखदून हसतो. टिलरी गावाचा लाडका. त्याच्या त्या डोळा मारण्याने किती लग्नं मोडली, किती नोकऱ्या गेल्या, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. डेल्फिना नव्या अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी बजावते, "तोंड गप्प ठेवणं कुणालाही जमतं. भुवई हलता कामा नये." आणि स्वतःची भुवई हलेल या भीतीने ती समोरून हाक मारणाऱ्यालासुद्धा ओळखत नाही. बाजारात पोराशी दोन शब्द बोललं, की शेजारी उभी असलेली बाई लगेच ताडते, हा हिच्याकडचा. म्हणून सरसकट सगळ्यांनाच 'नाही'. हे तिने कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. समजावणं तिच्या स्वभावातच नव्हतं. लोकांना उर्मट वाटते तर वाटू दे, असं तिचं होतं. आणि खरं सांगायचं तर ती थोडी उर्मट होतीही.

चीफची खुर्ची तिच्या नाकासमोरून आधी दोनदा गेली होती. एकदा ती मिळाली शाळेच्या फुटबॉल संघाच्या निवृत्त प्रशिक्षकाला, कारण त्याने जिल्ह्याला चषक आणून दिला होता. दुसऱ्यांदा मिळाली जज्जसाहेबांच्या मेव्हण्याला, कारण तो मेव्हणा होता. दोघांनाही काम हिनेच शिकवलं आणि दोघांच्याही निरोपाचा केक हिनेच कापला. मेव्हणा यंदा निवृत्त झाला तेव्हा नेमणूक करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष जज्ज हार्लन स्टोवल स्वतः तिच्या टेबलाशी आले. "या खेपेला तूच, डेल्फिना. मुलाखत आपली नावापुरती."

बाईने आभारही नीट मानले नाहीत. पण घरी जाऊन आईच्या फोटोसमोर बसली आणि बऱ्याच वर्षांनी हसली.

मुलाखत कोर्टाच्या मोठ्या खोलीत, सगळ्यांसमोर. दुसरा उमेदवार आला होता डॅलसहून. कॉर्बिन अ‍ॅशवर्थ. चाळिशीच्या आतला, अंगाला बेतून शिवलेला कोट, पायात नवेकोरे बूट, बोलणं असं घोटीव की मंडळातल्या वकिलांनी माना डोलवायला सुरुवात केली. त्याने जुन्या पद्धतीवर तोंडसुख घेतलं. कुलपं लावणं म्हणजे काम नव्हे, म्हणाला. पोरांना भिववणं सोपं असतं, म्हणाला. आणि बोलता बोलता थेट डेल्फिनाकडे बघत म्हणाला, "मला अशी एक जागा ठाऊक आहे, जिथे एका मुलाला आईच्या दफनाला पायात साखळी घालून नेलं होतं. भर चर्चमध्ये. त्या अधिकारी बाई अजून नोकरीत आहेत. असल्या लोकांच्या हाती तुम्ही मुलं देणार का?"

खोलीत हळहळ उठली. डेल्फिनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तसं दफन एकच झालं होतं, आणि ती साखळी तिनेच घातली होती.

ड्वेन हेल्म्स. मिसरूडही न फुटलेलं, तोंडाने फाटकं, चावरं पोर. आई मोटेलच्या खोल्या साफ करायची, बापाचा पत्ता नव्हता. पोराने एका दुपारी जज्ज स्टोवलांचा गवताचा गोठा पेटवला. तेव्हा ते जज्ज नव्हते, वकील होते. गोठ्यात त्यांची जुनिपर नावाची घोडी होती. ती जळून मेली. त्या घोडीची गोष्ट जज्जसाहेब अजून प्रत्येक मेजवानीत सांगतात आणि अजून त्यांचा आवाज फुटतो. पोर कोठडीत असताना आई गेली, आणि दफनाला न्यायचं काम नव्यानेच लागलेल्या डेल्फिनावर आलं. तेव्हाचा चीफ म्हणाला होता, "पळालं तर तुझी नोकरी गेली. मेक्सिकन आडनावाची बाई घेऊन मी आधीच लोकांचं ऐकून घेतोय." पोराला साखळीमुळे गुडघे टेकता येईनात. फूल ठेवायला पुढे गेलं तेव्हा प्रत्येक पावलाला साखळी वाजत होती, आणि सगळं चर्च शवपेटीऐवजी त्याच्या पायांकडे बघत होतं. किल्ली पूर्ण वेळ डेल्फिनाच्या मुठीत होती. ती घाबरली होती. एवढंच होतं ते. त्याला दुसरं कुठलंही नाव नव्हतं, आणि ती गोष्ट तिने पाद्र्यालाही सांगितली नव्हती.

पुढे पोराला लांबच्या मामाने दत्तक घेतलं, आडनाव बदललं, जुनं नावही त्याने टाकून दिलं असणार. नोंद सील झाली. आणि आता तोच अ‍ॅशवर्थ होऊन इथे उभा राहून, हिच्याच हातून ही खुर्ची काढून घेत होता.

मुलाखत संपल्यावर तो कॉफीच्या यंत्रापाशी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तोंडावर हसू, आवाज बर्फ.

"तुमच्यासारख्यांचे दिवस भरले, डेल्फिना. कुठे काय बोलायचं नसतं हे मात्र तुम्हाला मी सांगायला नको."

"साखर डाव्या हाताला आहे," डेल्फिना म्हणाली. आपला कप भरून ती निघून गेली. घरी जाऊन मात्र तिने एक बशी भिंतीवर फोडली.

पुढे जे झालं ते टिलरीमुळे. टिलरी हेल्म्सच्या वेळी कोठडीवरचा नवा पहारेकरी होता. तो धापा टाकत तिच्या खोलीत आला आणि दार पायाने लोटलं.

"अगं, तो हेल्म्स आहे! कानाची पाळी बघितलीस? कुत्र्याने फाडलेली. तो कान मी विसरेन होय? माझ्या हाताला चावला होता भडवा!"

"कोण हेल्म्स?"

"माझ्यासमोर नको ते नाटक. मी आत्ताच जज्जसाहेबांना सांगून आलो. म्हातारा पांढराफटक पडला. म्हणाला, 'टिलरी, तू पिऊन काहीही बरळतोस, डेल्फिनाला पाठव. ती होती त्या पोरावर नेमलेली.' जा! एक शब्द बोल आणि खुर्चीवर बस. मला पार्टी दे."

डेल्फिना उठली. कोर्टाच्या जिन्यात तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो, उगीच तिला देवीबिवी करायला नको. तिला तो माणूस आवडत नव्हता. तेव्हाही आवडला नव्हता, तो चावायचा आणि थुंकायचा. आणि आता तर भर सभेत त्याने तिच्या तोंडाला काळं फासलं होतं. कायदा मोडल्याचं कुणाला कळणारही नव्हतं. जज्ज स्टोवल दार बंद करून ऐकणार, मत देताना दुसरंच कारण सांगणार. दोनदा हातातोंडाशी आलेला घास गेला होता, तिसऱ्यांदा जाऊ द्यायचा नाही असं ती पायरीपायरीला स्वतःला बजावत होती. वर पोचेपर्यंत तिचं जवळजवळ ठरलंच होतं.

जज्जसाहेब खिडकीपाशी उभे होते. टेबलावर त्या घोडीचा फोटो नेहमीसारखा चौकटीत.

"बस, डेल्फिना. टिलरीच्या भरवशावर मी कुत्रंसुद्धा सोडणार नाही. पण तू मला इतक्या वर्षांत एकदाही थाप मारलेली नाहीस. त्या मुलाला तू रोज बघितलं होतंस. हा तोच का? हो म्हण, की मी त्याला आज संध्याकाळच्या आत डॅलसला परत पाठवतो. कारण मी बघून घेईन, तुझं नाव कुठे येणार नाही."

डेल्फिनाने तोंड उघडलं. आणि तिला आठवला तो किराणा दुकानातला चुय, कडेवरच्या पोरासकट, वाळलेल्या हसूसकट. आठवली ग्लोरियाची आई. आठवली ती सगळी माणसं, ज्यांना तिने बाजारात, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर तोंडावर 'नाही' म्हणून झिडकारलं होतं. आज आपल्या खुर्चीसाठी ओळख दाखवली, तर त्या सगळ्यांशी केलेला तो निव्वळ उर्मटपणा ठरत होता. बाईला गावाने उर्मट म्हटलेलं चालत होतं. स्वतः म्हणायची तिची तयारी नव्हती.

"नाही, जज्जसाहेब," ती म्हणाली. "या माणसाला मी मुलाखतीतच पहिल्यांदा पाहिलं."

"नक्की?"

"नक्की."

भुवई हलली नाही. जज्जसाहेबांनी सुस्कारा सोडला. "मग प्रश्नच मिटला. खरं सांगू का, मंडळाला तो फार पसंत पडलाय. मी तुझ्यासाठी भांडलो असतो, पण ती दफनाची गोष्ट, त्याने कुठून का मिळवली असेना, ऐकल्यावर... ती बाई तूच होतीस ना? टिलरीच म्हणाला."

डेल्फिना उठून दाराकडे वळली. टिलरीने आयुष्यात पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं होतं, आणि तेही हिच्याच मुळावर आलं.

अ‍ॅशवर्थ चीफ झाला. उपकार वगैरे राहू द्या, साधी माणुसकीही त्याने दाखवली नाही. त्याने आल्या आल्या तिची खोली काढून घेतली आणि तिला कोठडीच्या धुलाईयंत्रांशेजारच्या खोलीवजा खणात बसवलं, जिथे दिवसभर पोरांचे कपडे घुसळले जातात आणि फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. सोमवारच्या बैठकीत ती एक वाक्य बोलली की तो म्हणायचा, "हे डेल्फिनाच्या काळातलं झालं. आजचं कोण सांगेल?" आणि पोरंसोरं अधिकारी दात काढायचे. तिने दिलेला प्रत्येक निर्णय तो उलटवायचा, मग तो बरोबर असो की चूक. एका मुलीला तिच्या पंधराव्या वाढदिवसाच्या, मेक्सिकन घरांत लग्नासारख्या गाजणाऱ्या, नाचाला जायची परवानगी तिने दिली होती, तीसुद्धा त्याने काढून घेतली, निव्वळ खाली सही हिची होती म्हणून. ती मुलगी शिवलेला झगा घालून घरी रडत बसली. कुलपं लावणं म्हणजे काम नव्हे म्हणणारा तो हाच. मला विचाराल तर त्याचं भांडण त्या मुलीशी नव्हतंच. त्या ऑफिसात एकच माणूस असं होतं, ज्याच्यासमोर त्याच्या पायातली साखळी अजून वाजत होती, आणि त्या माणसाला बाहेर काढल्याशिवाय त्याला झोप नव्हती.

डेल्फिनाही काही गाय नव्हती. त्याच्या प्रत्येक हुकमातली चूक ती बैठकीत सगळ्यांसमोर काढायची, थंडपणे, कलम सांगून. त्याच्या नव्या बुटांना नावं ठेवायची. दोघांनी एकमेकांना इतकं पोखरलं, की शेवटी जज्जसाहेबांनीच तिला बोलावून निवृत्तीचा अर्ज पुढे सरकवला.

"एवढं काय आहे गं तुमच्या दोघांत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," म्हणत तिने सही केली.

शेवटच्या दिवशी धुरावलेलं मांस आणि पांढरा केक आला. कापायला ती स्वतःच उभी राहिली, सवयच होती. टिलरीने भाषण ठोकलं, त्याला डोळ्यांतून पाणीही काढता आलं. सगळे पांगल्यावर ती खणात आपली निवडुंगाची कुंडी आणि आईचा फोटो खोक्यात भरत होती, तेव्हा अ‍ॅशवर्थ आला. कोट नव्हता. दारात उभा राहून बूट घासत राहिला.

"मिस, दार लावू का?"

इतके महिने तो तिला डेल्फिना म्हणत होता. मिस म्हणतात ती कोठडीतली पोरं.

"लावा. यंत्रांचा आवाज फार येतो."

त्याने दार लावलं आणि पाठ टेकून उभा राहिला. "जज्जने तुम्हाला विचारलं होतं. मला ठाऊक आहे. तुम्ही बोलला असता तर मी इथे नसतो. का नाही बोललात?"

डेल्फिना फोटोभोवती वर्तमानपत्र गुंडाळत राहिली.

"मला वाटलं होतं की तुम्ही बोलाल," तो म्हणाला. आवाज चढला. "मी वाटच बघत होतो. तुम्ही बोलला असता म्हणजे मला निदान कळलं असतं की... जाऊ दे. एकच सांगा. नंतर मी तुम्हाला कधी तोंड दाखवणार नाही. चर्चमध्ये त्या दिवशी किल्ली तुमच्याकडे होती का? की ऑफिसात राहिली होती? मी जन्मभर स्वतःला सांगत आलोय की ऑफिसात राहिली असेल."

तिची मूठ आपोआप वळली. उत्तर तयार होतं, कित्येक वर्षांपासून तयार होतं: होती, माझ्या हातात होती, आणि मी घाबरले. हे बोलली असती तर तिच्याही छातीवरचा दगड उतरला असता. पण त्या माणसाने तिला धुलाईयंत्रांशेजारी बसवलं होतं, पोरासोरांना तिच्यावर हसवलं होतं, त्या मुलीला झग्यासकट रडवलं होतं. त्याच्यापुढे मान खाली घालायची? आणि ओळख द्यायची तर ती खुर्चीसाठी दिली नाही, आता स्वतःच्या सुटकेसाठी द्यायची? यातलं कोणतं कारण खरं आणि कोणता बहाणा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मिस्टर अ‍ॅशवर्थ, तुमचा कुणाशी तरी घोळ होतोय," ती म्हणाली. "आपली भेट झाली ती मुलाखतीत. त्याआधी मी तुम्हाला ओळखत नव्हते."

 तो दारातून बाजूला झाला. तिने खोकं उचललं आणि त्याच्या शेजारून निघून गेली.

त्यानंतरचा एक शनिवार. किराणा दुकानात ती हिरव्या मिरच्या निवडत होती. रांगेच्या टोकाला अ‍ॅशवर्थ, बायको आणि हातात लहानगी मुलगी. त्याने तिला पाहिलं. तिने त्याला पाहिलं. या वेळी कुठलं ऑफिस नव्हतं, मंडळ नव्हतं, आणि का कोण जाणे, डेल्फिनाची मान जराशी हलली. आयुष्यात पहिल्यांदा, भर दुकानात, तिने कुणालातरी मानेने ओळख दिली.

"कोण रे त्या?" बायकोने विचारलं.

"कोणास ठाऊक," तो मोठ्याने म्हणाला. "मी नाही ओळखत." आणि त्याने ट्रॉली वळवली.

डेल्फिनाला ते झोंबलं. इतकं झोंबेल असं तिला वाटलं नव्हतं. या हातांनी तिने हे अख्ख्या गावाला केलं होतं.  मग तिने हातातल्या मिरच्या पिशवीत टाकल्या, पिशवीला गाठ मारली आणि पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.